वाचनालयातील अद्भुताचे कपाट



गावच्या वाचनालयासाठी नवी पुस्तके घ्यायची वेळ आली, की ग्रंथपाल आणि शाळेतले गुरुजी यादी करायला बसतात. चरित्रे येतात, शेतीची पुस्तके येतात, संतवाङ्मय तर येतेच. मग कुणीतरी एखाद्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे नाव काढतो, आणि दुसरा लगेच म्हणतो, "अहो, ते सगळे खोटे! मुलांच्या हाती कशाला द्यायचे?" पैसे थोडे असतात, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तेव्हा या 'खोट्या' पुस्तकांचा मराठीतला इतिहास आज थोडक्यात पाहू.

मराठी कादंबरीचे बालपणच मुळी अद्भुताच्या मांडीवर गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. राजपुत्र, राजकन्या, संकटे, ताटातूट आणि शेवटी मीलन, असा या पुस्तकांचा थाट. आता तुम्ही म्हणाल, या लेखकांना भोवतीचे जग दिसत नव्हते काय? दिसत होते. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. विवाहाच्या आणि इतर रूढींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत. रोजचेच लिहावे तर त्यात गोडी वाटत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. म्हणजे हे अद्भुत भाबडेपणातून आलेले नव्हते. बांधलेल्या आयुष्यातून काढलेली ती पळवाट होती.

पुढे हरी नारायण आपटे यांनी दाखवून दिले की रोजच्या घरातही कादंबरी दडलेली असते. 'मधली स्थिती' १८८५ साली सुरू झाली आणि जाणत्या वाचकांचे मन वास्तवाकडे वळले. अद्भुताला कमीपणा आला तो तेव्हापासून. पण वाचक काही त्याला सोडायला तयार नव्हता. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव, सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झाले, आणि त्या अंथरुणावरच्या दिवसांत त्यांनी वाचनाला वाहून घेतले. पुढे त्यांनी लिहिलेल्या 'वीरधवल'ने कित्येक पिढ्यांना रात्री जागायला लावले.

आता थोडे फ्रान्समध्ये जाऊ. आपल्याकडे 'मंजुघोषा' निघाली त्याच्या तीनच वर्षे आधी, १८६५ साली, तिकडे ज्यूल व्हर्नने चंद्रावर जाण्याची कादंबरी लिहिली. तीही अद्भुतच. पण तिच्यात एक नवी गोष्ट होती. तिथे देवाचे विमान येत नाही की मंत्र चालत नाही. व्हर्न हिशेब मांडतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ९०० फूट लांबीची तोफ जमिनीतच ओतायची, तिच्यात चार लाख पौंड स्फोटक कापूस भरायचा, आणि पोकळ गोळ्यात तीन माणसे बसवून तो उडवायचा. धक्का बसेल म्हणून गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादीसुद्धा त्याने घातली आहे!

हा हिशेब बरोबर आहे का? गुरुजी, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. पृथ्वीचा पाश तोडायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. तो ९०० फुटांच्या नळीत मिळवायचा, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागात. आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येईल. पाण्याच्या गादीने काय होणार? माणूस जागीच चिरडेल. पुढे १६ जुलै १९६९ रोजी 'अपोलो ११' खरोखरच निघाले. तेही फ्लोरिडातूनच, आणि त्यातही माणसे तीनच होती. पण ते अग्निबाणावर बसून निघाले आणि पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचायलाच त्याने सुमारे बारा मिनिटे घेतली. वेग हळूहळू वाढवला म्हणून माणसे जगली. व्हर्न चुकला तो असा. पण त्याने आकडे मांडले होते, म्हणून तर आपल्याला त्याची चूक काढता येते. मंत्राने उडणाऱ्या घोड्याची चूक कोण काढणार?

हा व्हर्न भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिला. त्यांचे 'चंद्रावर स्वारी' पुष्कळांनी शाळेच्या वयातच वाचले असेल. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण? ते होते जगभर नाव झालेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून दुसरे नाव घेतले होते. पुढे 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह आला, 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आल्या. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या अद्भुताला एके काळी पंगतीत पाट मिळत नव्हता, त्याला असा मान मिळाला. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांची पुस्तके आपल्या कपाटात राहू शकतात, मात्र ती आपण घेतली पाहिजेत.

मग यादीत काय घालावे? 'वीरधवल' अवश्य घाला. त्याने वाचनाची भूक लागते, आणि भूक लागल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही. भागवतांचा व्हर्न घाला आणि त्याच्या शेजारी नारळीकर ठेवा. पण एक करा. मूल पुस्तक परत करायला आले, की "हे खरे का खोटे?" असे विचारू नका. "हे कसे घडले, असे लेखक म्हणतो? आणि तुला ते पटते का?" असे विचारा. त्याला उत्तर आले नाही तर ते शोधायला विज्ञानाचे पुस्तक मागेल. तेही कपाटात तयार असू द्या, म्हणजे झाले.