संगणक विषाणू, घरगुती : निदान व निवारण (उजनी परिसर)

वापरणाऱ्याच्या नकळत संगणकात शिरून स्वतःच्या प्रती काढणारी, दुसऱ्या फाइलला किंवा डिस्कच्या आरंभीच्या भागाला चिकटणारी आणि तेथून पुढच्या यंत्रात जाणारी आज्ञावली म्हणजे संगणक विषाणू होय. काटेकोर अर्थाने जाळ्यातून स्वतःहून पसरणारा ‘वर्म’, कामाच्या सॉफ्टवेअरचे रूप घेऊन येणारा ‘ट्रोजन’ आणि फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे ‘रॅन्समवेअर’ हे याहून वेगळे प्रकार आहेत. परंतु भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयाकाठी, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा तालुक्यांत आणि पलीकडच्या इंदापूर-भिगवण पट्ट्यात, या सर्वांना ‘व्हायरस’ हा एकच शब्द चालतो. एवढेच नव्हे, तर संगणक मंद चालणे, अडकणे किंवा आपोआप बंद पडणे अशा कोणत्याही बिघाडाला ‘व्हायरस बसला’ असे म्हटले जाते. निदानातील बहुतेक चुका या एका शब्दातून सुरू होतात, म्हणून या नोंदीत विषाणूइतकीच जागा विषाणूसारख्या भासणाऱ्या बिघाडांना दिली आहे.

पूर्वपीठिका : वैयक्तिक संगणकावरील पहिला विषाणू म्हणून ओळखला जाणारा ‘ब्रेन’ १९८६मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिला. भारतात सापडलेल्या आरंभीच्या विषाणूंपैकी ‘जोशी’ हा विशेष उल्लेखनीय आहे. जून १९९०मध्ये उजेडात आलेला हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभीच्या विभागात आणि हार्ड डिस्कच्या विभागणी-तक्त्यात वस्ती करी, आणि ५ जानेवारीला यंत्र सुरू केले की ‘हॅपी बर्थडे जोशी’ ही अक्षरे टंकित करण्याची मागणी पडद्यावर आणी. ती जशीच्या तशी टंकित केल्यावाचून काम पुढे सरकत नसे. आडनाव मराठी वाचकाच्या ओळखीचे असले तरी त्याचा कर्ता अज्ञातच राहिला. तंत्रदृष्ट्या महत्त्वाचे असे, की तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी जोशी स्मृतीत टिकून राही. त्यामुळे वीज पूर्ण बंद करून, लेखनबंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करणे हाच खात्रीचा मार्ग होता. बाधित यंत्राची तपासणी त्याच यंत्राच्या साक्षीवर करू नये, बाहेरून करावी, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे आणि आजही ते बदललेले नाही.

महाराष्ट्रातील विषाणूरोधक सॉफ्टवेअरचा इतिहास दुरुस्तीच्या दुकानातून सुरू होतो, ही गोष्ट घरगुती संगणकाच्या संदर्भात नोंद घेण्याजोगी आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर परिसरातून आलेल्या कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून कामास आरंभ केला आणि १९९३मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हा व्यवसाय उभा केला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूबाधा वारंवार आढळू लागल्यावर त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ती काढण्यासाठी लिहिलेल्या साधनांतून १९९०च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ आकारास आले. कंपनीचे नाव २००७मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले आणि २०१६मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. दुरुस्ती करणारा माणूस यंत्र उघडून पाहतो, विकणारा पाहतोच असे नाही. या भेदाचा लाभ मराठी मुलखाला या उदाहरणात झालेला दिसतो.

प्रसार : २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या व बाजाराच्या गावांत संगणक-केंद्रे उभी राहिली आणि संगणकाची ओळख शेतकरी कुटुंबांतील मुलांपर्यंत पोहोचली. त्याच काळात पेन ड्राइव्ह स्वस्त झाला आणि फ्लॉपीची जागा त्याने घेतली. टंकलेखन व झेरॉक्सचे दुकान, आपले सरकार सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ आणि घर या चार ठिकाणी एकच पेन ड्राइव्ह फिरत असल्यामुळे, सातबारा छापायला नेलेली फाइल आणि लग्नाचे फोटो आणलेली फाइल यांच्या सोबत बाधाही ये-जा करते. विंडोजमधील ‘ऑटोरन’ ही सोय, म्हणजे पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील ठरावीक आज्ञा आपोआप चालवण्याची पद्धत, ही २००५ ते २०१० या काळात मुख्य वाट ठरली. नोव्हेंबर २००८मध्ये प्रथम आढळलेला ‘कॉनफिकर’ हा वर्म पुढे याही वाटेने पसरला. विंडोज ७मध्ये पेन ड्राइव्हपुरती ही सोय बंदच ठेवण्यात आली आणि २०११मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसे अद्ययावतन देण्यात आले.

ऑटोरनची वाट बंद झाल्यावर ‘शॉर्टकट व्हायरस’ पुढे आला. त्याचे रूप ओळखण्यास सोपे आहे. पेन ड्राइव्ह उघडल्यावर ‘लग्न’, ‘ऊस बिल’, ‘पीक विमा’ ही फोल्डर जागच्या जागी दिसतात, परंतु प्रत्येकाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात वळणदार बाणाची बारीक खूण असते आणि आकाराच्या रकान्यात एक-दोन केबी एवढाच आकडा असतो. हे फोल्डर नसून निव्वळ दुवे असतात. खरी फोल्डर दडवलेली असतात. दुव्यावर टिचकी मारली की खरे फोल्डर उघडून दाखवले जाते, त्यामुळे वापरणाऱ्यास काहीच वावगे वाटत नाही, आणि त्याच क्षणी मागे एक आज्ञावली चालून संगणक बाधित होतो. दुव्यावर उजवी टिचकी मारून त्याचे गुणधर्म पाहिले, तर लक्ष्याच्या चौकटीत फोल्डरच्या पत्त्याऐवजी आज्ञा चालवणाऱ्या फाइलचे नाव दिसते. फाइली नष्ट झालेल्या नसतात, ही गोष्ट येथे आवर्जून सांगणे आवश्यक आहे, कारण घाबरून पेन ड्राइव्ह पुसून टाकल्यामुळे जेवढे नुकसान होते तेवढे या विषाणूमुळे होत नाही. ‘ॲट्रिब’ या आज्ञेने दडवलेपणाची आणि प्रणाली-फाइल असल्याची खूण काढली, की मूळ फोल्डर पुन्हा दिसू लागतात. मात्र त्याआधी संगणक स्वच्छ झालेला असला पाहिजे, अन्यथा दुवे पुन्हा तयार होतात.

विषाणूसारखे भासणारे बिघाड : पहिला बिघाड विजेचा आहे. गावठाणातील घरे आणि शेतीपंप यांच्या वीजवाहिन्या वेगळ्या केल्या गेल्या असल्या तरी शेतातील वस्तीवरची घरे पुष्कळदा पंपांच्याच वाहिनीवर असतात, आणि तीन फेज वीज आली की काठावरच्या मोटारी एकदम सुरू होऊन दाब घसरतो. अशा वेळी संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, आणि हे ठरावीक वेळेसच घडत असेल, तर शोध यूपीएसच्या बॅटरीत आणि विद्युत-पुरवठा पेटीत घ्यावा. यंत्र बंद पडण्याच्या वेळा आठवडाभर कागदावर लिहून त्या वीज येण्या-जाण्याच्या वेळांशी ताडून पाहणे ही बिनखर्चाची आणि अत्यंत विश्वसनीय चाचणी आहे.

दुसरा बिघाड बटणाच्या आकाराच्या सेलचा. मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख काही वर्षे मागे जाते. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जात असल्यामुळे ब्राउझर सर्वच स्थळे असुरक्षित असल्याचा इशारा देतो, आणि बँकेचे किंवा महसूल खात्याचे पान उघडेनासे झाले म्हणजे व्हायरस आला असा समज होतो. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील तारीख पाहिली तरी निदान पुरे होते.

तिसरा बिघाड धुळीचा आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून उडणारी काजळी, मातीच्या रस्त्यावरून सतत जाणाऱ्या ट्रॅक्टरांची धूळ आणि पेटीत शिरणाऱ्या मुंग्या-पाली यांमुळे प्रोसेसरवरील पंखा भरतो, उष्णता वाढते आणि प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. सकाळी अर्धा तास ठीक चालून नंतर मंदावणारा संगणक हा बहुधा या वर्गातील असतो.

चौथा बिघाड मराठी अक्षरांचा असून त्याची नोंद इंग्रजी मार्गदर्शिकांत आढळत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’ अशा सॉफ्टवेअरांवर टंकित होत असे. त्यात देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर सोसायटीचा ठराव किंवा खरेदीखताचा मसुदा उघडला तर पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. फाइल विषाणूने खाल्ली असे समजून ती काढून टाकली जाते, वस्तुतः ती अक्षरशः सुरक्षित असते आणि फॉन्ट बसवताच पूर्ववत वाचता येते. धरणात गाव गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे विशेष गंभीर आहे. उजनीचे बांधकाम १९८०मध्ये पूर्ण होऊन सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा यशवंतसागर जलाशय उभा राहिला. जुनी गावठाणे पाण्याखाली गेली, आणि पुनर्वसनाचे अर्ज, प्रकल्पग्रस्त दाखल्याच्या प्रती, जुन्या गावातील घराचे एखादे छायाचित्र ही कागदपत्रे आता घरच्या संगणकात उतरवून ठेवलेली असतात. जलाशयात गेलेल्या पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरल्यावर तरी दिसते. पुसलेली फाइल पुष्कळदा पुन्हा दिसत नाही.

हार्ड डिस्क निकामी होऊ लागल्यासही फाइली उघडण्यास विलंब लागतो. टकटक असा आवाज येत असेल तर कोणतीही तपासणी न चालवता प्रथम फाइली उतरवून घ्याव्यात.

ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ अशा अर्थाच्या पाट्या येत असतील, तर बहुधा एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी चुकून दिली गेलेली असते. ती ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन काढून घेतली की पाट्या थांबतात. त्यांवर दिलेल्या क्रमांकास दूरध्वनी करू नये, आणि कोणाच्याही सांगण्यावरून यंत्राचा दूरस्थ ताबा देणारे ॲप बसवू नये.

निदान : वरील कारणे वगळल्यावर उरलेली लक्षणे विषाणूची समजावीत. इंटरनेट काढून ठेवावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळांनी कार्य-व्यवस्थापक उघडून कोणती आज्ञावली प्रोसेसर व्यापते आहे आणि आरंभीच्या यादीत कोणती अनोळखी नावे आहेत हे पाहावे. नावावरून निर्णय करणे धोक्याचे असते, कारण विंडोजच्या स्वतःच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या फाइलचे नाव घेऊन विषाणू वावरतात. फाइलचे ठिकाण निर्णायक मानावे. विंडोजच्या प्रणाली-फोल्डरातून चालणारी प्रत सामान्यतः खरी, तर वापरणाऱ्याच्या खात्यातील दडवलेल्या फोल्डरातून त्याच नावाने चालणारी संशयास्पद असते. विषाणूरोधक सॉफ्टवेअर आपोआप बंद झालेले असणे किंवा त्याचे अद्ययावतन होऊ न शकणे हे सर्वांत ठळक लक्षण आहे.

निवारण : पहिले पाऊल फाइलींची प्रत काढण्याचे. दस्तऐवज व छायाचित्रे रिकाम्या बाह्य डिस्कवर घ्यावीत, स्वतःहून चालणाऱ्या फाइली घेऊ नयेत, आणि ती डिस्क स्वच्छ संगणकावर तपासल्याशिवाय उघडू नये. त्यानंतर विंडोज १० व पुढील आवृत्त्यांत असलेली डिफेंडरची ‘ऑफलाइन’ तपासणी चालवावी. ही तपासणी विंडोज सुरू होण्यापूर्वी होते, म्हणून दडलेली बाधाही सापडण्याचा संभव वाढतो. ती पुरेशी न ठरल्यास दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून तपासावे. एकाच वेळी दोन विषाणूरोधक बसवू नयेत; ते एकमेकांस अडवतात आणि यंत्र मंदावते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७पासून बाधा काढण्याची मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत, त्यांत पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सी-डॅकचे साधनही आहे. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड यंत्र स्वच्छ झाल्यावर, आणि शक्यतो दुसऱ्या यंत्रावरून, बदलावेत.

‘फॉरमॅट मारणे’ : डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे हा उपाय बाजारात सर्वाधिक सांगितला जातो. तो निष्फळ नाही. बाधा खोलवर असेल तेव्हा तोच योग्य ठरतो. आक्षेप आहे तो तपासणीपूर्वी आणि प्रत काढण्यापूर्वी तो करण्याला. नव्याने बसवलेले विंडोज परवान्याविना असेल तर ते चालू ठेवण्यासाठी परवाना चुकवणारी आज्ञावली घालावी लागते, तिला वाट देण्यासाठी विषाणूरोधक बंद केला जातो, आणि ज्या दारातून बाधा आली तेच दार दुरुस्तीनंतर उघडे राहते. फॉरमॅटनंतर छपाईयंत्राचे, बोटाचा ठसा घेणाऱ्या उपकरणाचे व डिजिटल स्वाक्षरीचे चालक (ड्रायव्हर) पुन्हा बसवावे लागतात, आणि जुने मराठी फॉन्ट तर हटकून राहून जातात. ते आधीच वेगळे जपून ठेवावेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला असल्याने, जुनीच आवृत्ती पुन्हा बसवून घेताना हेही लक्षात घ्यावे लागते.

खंडणीखोर बाधा : मे २०१७मधील ‘वॉनाक्राय’ने या प्रकाराची जगभर ओळख करून दिली, ज्या दोषातून ती पसरली त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. फाइलींच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागले आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर खंडणी देऊ नये, फाइली पुसूही नयेत. काही प्रकारांच्या किल्ल्या पुढे ‘नो मोअर रॅन्सम’ या २०१६पासूनच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमातून मोफत मिळाल्या आहेत.

कायदा व मदत : दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना विषाणू सोडणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ४३खाली भरपाईस आणि अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६खाली शिक्षेस पात्र आहे. खात्यातून पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे.