‘पोलीस केस आहे, पुढे न्या’ : तातडीच्या उपचाराच्या हक्काचा इतिहास, मावळच्या रस्त्यावरून वाचताना



हॉस्पिटलच्या भिंतीवर ‘रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या’ असा फलक तुम्ही पाहिला असेल. माहितीचा हक्क, केसपेपर आणि रिपोर्ट मिळण्याचा हक्क, तातडीच्या उपचाराचा हक्क, अशी क्रमांक घातलेली यादी असते. वाचताना वाटतं, एखाद्या समितीने दुपारच्या बैठकीत हे सगळं लिहून काढलं असेल. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक ओळींच्या मागे कुणीतरी आजारी पडलेला, जखमी झालेला किंवा मेलेला माणूस आहे. आज आपण यादीतली एकच ओळ घेऊ, तातडीच्या उपचाराची, आणि तिचा इतिहास बघू.

त्याआधी पद्धतीबद्दल थोडं. विज्ञान शाखेतून आलेल्या माणसाला ‘हक्क’ हा शब्द जरा धूसर वाटतो. त्यात नेमकं तपासायचं काय? मला उपयोगी पडलेली युक्ती अशी : हक्क तपासण्याऐवजी कर्तव्यं मोजायची. एखाद्याला हक्क आहे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर काम आहे. मग प्रश्न सोपा होतो. कुठल्या साली, कुणाच्या डोक्यावर, कुठलं नवं काम आलं? या प्रश्नाला उत्तर म्हणून तारखा मिळतात, कागद मिळतात, आणि आपलं संशोधन जमिनीवर राहतं.

मावळच का?

मावळ हा वाटेवरचा तालुका आहे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, घाटातली रेल्वे १८६३ ची, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. खंडाळा, लोणावळा, कामशेत, तळेगाव, उर्से ही नावं मुंबई-पुणे करणाऱ्याला पाठ असतात. इथे जखमी होणारा माणूस बऱ्याचदा परगावचा असतो. नातेवाईक दीडशे किलोमीटरवर, पाकीट गाडीत कुठेतरी, फोन फुटलेला, शुद्ध नाही.

हा रुग्ण नीट डोळ्यांसमोर आणा. तो डॉक्टर निवडू शकत नाही, संमती देऊ शकत नाही, डिपॉझिट भरू शकत नाही, स्वतःचं नावसुद्धा सांगू शकत नाही. फलकावरचे बाकीचे हक्क बोलू शकणाऱ्या माणसाचे आहेत. हा एकच हक्क असा की तो मागायला रुग्णाजवळ तोंडच नसतं. म्हणून तो पूर्णपणे इतरांच्या कर्तव्यांनी बनलेला आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते याच एक्सप्रेसवेवर मावळ हद्दीत गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला होता. २०१६ या एका वर्षात या रस्त्यावर १५१ माणसं मेली. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

पहिलं कर्तव्य : हातात घेतलेल्या रुग्णाशी (१९५३ ते १९६८)

सुरुवात पुण्याजवळच्याच एका खटल्यापासून करू. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाला अपघात झाला आणि मांडीचं हाड मोडलं. तिथल्या डॉक्टरने लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. नंतर टॅक्सीने लांबचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं. पुण्यातल्या हॉस्पिटलमध्ये पुरेशी भूल न देता जोर लावून पाय ओढला गेला, प्लास्टर घातलं, आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये वडिलांच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. कायद्याच्या पुस्तकांत हा ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ खटला म्हणून ओळखला जातो.

न्यायालयाने त्यात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली : केस घ्यायची की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कुठले उपचार द्यायचे हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि ते उपचार काळजीपूर्वक करणं. भारतात वैद्यकीय निष्काळजीपणावर लिहिणारा प्रत्येक जण आजही इथूनच सुरुवात करतो. पण पहिलं कर्तव्य पुन्हा वाचा. केस घ्यायची की नाही, हा निर्णय डॉक्टरकडेच आहे. दारातूनच परत पाठवलेल्या रुग्णाबद्दल हा निकाल फारसं बोलत नाही.

दुसरं कर्तव्य : दार बंद न करण्याचं (१९८९)

दाराचा प्रश्न पुढे आला तो दिल्लीच्या बाजूने. एका स्कूटरस्वाराला गाडीने धडक दिली. जवळच्या हॉस्पिटलने त्याला घेतलं नाही. ही पोलीस केस आहे, अशा केसेस घेणारं हॉस्पिटल वीस किलोमीटरवर आहे, तिकडे न्या, असं सांगितलं. तो वाटेत गेला. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून परमानंद कटारा या कार्यकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ चा निकाल असं सांगतो की सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याचं कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क त्यामुळे थेट कॅज्युअल्टीच्या दारात येऊन उभा राहिला.

संशोधन करणाऱ्यांसाठी या निकालातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. सुनावणीत केंद्र सरकार आणि मेडिकल कौन्सिल यांनी आपापली बाजू मांडली तेव्हा स्पष्ट झालं की पोलीस येईपर्यंत उपचार करू नका, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. जी गोष्ट सगळे ‘नियम’ म्हणून पाळत होते, ती फक्त वहिवाट होती. पोलिसांच्या चौकश्या आणि कोर्टाच्या तारखा यांच्या भीतीतून तयार झालेली. ‘असा नियम आहे’ हे वाक्य फील्डवर ऐकलं की नियमाचा कागद मागायचा, ही सवय इथून उचलावी.

जगात इतरत्रही हेच चाललं होतं. अमेरिकेत पैसे नसलेल्या रुग्णांना एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे ढकलण्याविरुद्ध १९८६ मध्ये कायदा झाला. तातडीचा रुग्ण आला की आधी तपासायचा आणि स्थिर करायचा, कळा सुरू झालेल्या बाईलाही परत पाठवायचं नाही, हे त्यात आहे.

चालक आणि सरकार (१९९४, १९९६)

१९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम बदललं. अपघात करणाऱ्या वाहनाच्या चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये पोचवायचं, आणि डॉक्टरने कागदपत्रांसाठी न थांबता लगेच उपचार करायचे. न्यायालयाचा शब्द असा कायद्यात आला.

मग प्रश्न उरला : सरकारी हॉस्पिटलने ‘खाट नाही’ म्हटलं तर? १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला आणि डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी हॉस्पिटलं फिरवूनही त्याला जागा मिळाली नाही. शेवटी खासगी हॉस्पिटलमध्ये सुमारे सतरा हजार रुपये खर्च झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि पैशांची टंचाई ही सबब जीव वाचवण्याच्या कामात चालणार नाही, असं बजावलं. इथे कर्तव्य डॉक्टरच्या डोक्यावरून सरकारच्या डोक्यावर गेलं.

याच सुमारास, नोव्हेंबर १९९५ मध्ये, रुग्ण हा ‘ग्राहक’ असल्याचा प्रसिद्ध निकाल आला. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती हॉस्पिटलं त्याच्या बाहेर राहिली. शिवाय ग्राहकाचा हक्क पैसे भरल्यानंतर सुरू होतो, तातडीच्या उपचाराचा हक्क पैसे विचारण्याआधी. दोन्ही इतिहास एकत्र कालवू नका.

रस्त्यावरचा तिसरा माणूस (२०१६, २०१९)

एवढं होऊनही एक कडी सुटलेली होती. जखमीला उचलणार कोण? मदतीला उतरलेल्या माणसाला पोलिसांच्या प्रश्नांची आणि साक्षीच्या तारखांची धास्ती. उगाच लचांड मागे लागायला नको, म्हणून गाड्या हळू व्हायच्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. नाव सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटलने अडकवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं. गंमत बघा, इथे कायद्याने कुणावर कर्तव्य लादलं नाही, फक्त भीती काढून घेतली. कधीकधी हक्क असाही पुढे सरकतो.

आणि बिल कोण भरणार?

महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करणं. देशपातळीवर अपघातानंतरच्या पहिल्या तासात, म्हणजे ‘गोल्डन अवर’मध्ये, कॅशलेस उपचारांची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. प्रत्यक्ष योजना मात्र मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली, तीही न्यायालयाने टोकल्यावर : दीड लाखापर्यंत, सात दिवस. कलम आणि योजना यांच्यात सहा वर्षं गेली. अशी अंतरं टिपून ठेवा, इतिहास तिथेच सापडतो.

फलक आणि जबाबदाऱ्या

इतकं सगळं घडल्यावर फलक येतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची सनद मांडली, त्यात तातडीचे उपचार तिसऱ्या क्रमांकावर आहेत. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होम नियम बदलले आणि खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं.

सनदेत जबाबदाऱ्याही आहेत : माहिती न लपवणं, उपचारांत सहकार्य, इतर रुग्णांना त्रास न देणं, तक्रार कितीही खरी असली तरी हिंसा न करणं, आणि उपचार नाकारले तर त्याचे परिणाम स्वीकारणं. बेशुद्ध रुग्ण यातलं काय पाळणार? त्याच्या जबाबदाऱ्या आपोआप सोबत आलेल्यांवर येतात. कुठली गोळी चालू होती, कशाची अ‍ॅलर्जी आहे, कधी काय घडलं, हे खरं सांगणं हे नातेवाइकांचं काम. आणि रागाच्या भरात काच फोडली तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा तोच तातडीचा हक्क आपण मोडतो. महाराष्ट्रात २०१० पासून अशा हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे.

या इतिहासाची मोकळी जागा

आता महामार्ग सोडून आत वळा. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. आषाढात भातलावणी चालू आहे आणि खाचरात बाईला साप चावला. तिला यातलं काय लागू होतं? १९८९ चा निकाल होतो, १९९६ चा होतो. १३४ वं कलम होत नाही, कारण अपघात वाहनाचा नाही. १३४-अ होत नाही. दीड लाखाची कॅशलेस योजनाही होत नाही. तातडीच्या उपचाराचा हक्क गेल्या तीस वर्षांत वाढला तो मुख्यतः मोटारीच्या मागे मागे. विधी आयोगाने २००६ च्या २०१ व्या अहवालात अपघातग्रस्त, इतर तातडीचे रुग्ण आणि बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बायका या तिघांसाठी एकच कायदा असावा असं सुचवलं होतं. ती सूचना देशभराचा कायदा झाली नाही.

आणि फलक वाचायला आधी फलकापर्यंत पोचावं लागतं. २०१४ पासून १०८ ची अँब्युलन्स आहे, एक्सप्रेसवेवर ओझर्डेचं ट्रॉमा सेंटर आहे. पण डोंगरातल्या वाडीवरून निघालेल्या रुग्णाला ‘वायसीएमला हलवा’, ‘ससूनला हलवा’ हे शब्द ऐकायला लागतातच. त्या प्रवासाच्या वेळेचं कर्तव्य अजून कुणाच्याही डोक्यावर नेमकं आलेलं नाही.

संशोधनाला निघालेल्यांसाठी

१. सनदेतली एक ओळ निवडा आणि तिच्या मागचं प्रकरण शोधा. सतराही ओळींवर काम करायला गेलात तर एकही पुरी होणार नाही.

२. निकाल वाचताना शेवटच्या आदेशाआधी घटनाक्रम वाचा. किती वाजता, किती अंतर, कोण काय म्हणालं, हे सगळं त्यात असतं.

३. कायदा, नियम, योजना आणि वहिवाट यांचे चार वेगळे रकाने करा. प्रत्येकात साल लिहा. रिकामा रकाना हाच बऱ्याचदा प्रबंधाचा विषय असतो.

४. हक्क कुणाला मिळाला हे लिहून झालं की त्याच पानावर कुणाला मिळाला नाही हेही लिहा. आजच्या विषयात ती ओळ भातखाचरातल्या बाईची आहे. तिच्यावर कुणीतरी काम करायला हवं.