पिशवीच्या आतला थेंब

डेल्फ्टचा मार्टिनस बायरिंक लक्षात राहिला तो विषाणूंच्या अभ्यासामुळे. त्याचं १८९६ सालचं एक निरीक्षण मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. जिलेटिन आणि विरघळलेला स्टार्च, दोन्ही पाण्यातलीच द्रावणं. पण एकत्र ओतली की मिश्रण गढूळ होतं आणि एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगू लागतात. तेल आणि पाणी मिसळत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. इथे पाण्याशीच पाणी मिसळेना! कृत्रिम पेशीत आज जे थेंब घडवले जातात, त्यांचं मूळ मी इथे धरतो.

तीनच वर्षांनी अमेरिकेत एडमंड विल्सनने जीवद्रव्य हे थेंबाथेंबांचं मिश्रण असल्याचं मांडलं. १९२९ मध्ये बुंगेनबर्ग द याँग आणि क्रॉइट या डच रसायनशास्त्रज्ञांनी अशा विलगीकरणाला ‘कोॲसर्व्हेशन’ हे नाव दिलं. जिलेटिन आणि अरबी डिंक विरुद्ध विद्युतभारांमुळे एकमेकांना धरतात आणि दाट थेंब होऊन बाजूला पडतात. मॉस्कोत ओपारिनने १९३६च्या पुस्तकात असे थेंब थेट पहिल्या जीवांचे पूर्वज ठरवले. पण थेंबाला आवरण नव्हतं. दोन थेंब भेटले की त्यांचा एक होई, मग आपलं-परकं टिकणार कसं?

आवरण आलं दुसऱ्याच वाटेने. केंब्रिजजवळच्या बाब्राममध्ये ॲलेक बँगहॅमने लेसिथिन पाण्यात टाकलं, तेव्हा त्याच्या आपोआप पिशव्या बनल्या. १९६४ मध्ये सहकारी हॉर्नसह त्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांची पटलं दाखवली. ‘लायपोसोम’ म्हणवल्या जाणाऱ्या या पिशव्यांमध्ये लोकांनी पुढे विकरं भरली, डीएनए भरला. पण आतलं पाणी सगळीकडे सारखंच राहिलं. खऱ्या पेशीचं अंतरंग तसं नसतं. ते दाटीवाटीचं असतं, आणि त्यात जागेजागेला फरक असतो.

उपाय स्वीडनमध्ये तयारच होता. पेर-ओके आल्बर्टसनने १९५०च्या दशकात पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान यांचे पाण्यातले दोन थर वापरून प्रथिनं निवडायला सुरुवात केली होती. प्रत्येक प्रथिन आपल्याला मानवणाऱ्या थरात जाई. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियात क्रिस्टीन कीटिंग यांच्या गटाने हीच जोडी मोठ्या लायपोसोममध्ये कोंडली. ऊबेत दोन्ही पदार्थ एकजीव असताना पिशवी बांधायची, मग निववायची, की आत थेंब वेगळा होतो. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं, की प्रथिनं एका भागात गोळा होतात आणि तापमान थोडं बदललं तर पुन्हा सगळीकडे पसरतात. पेशीतल्या एखाद्या खोलीला भिंत लागतेच असं नाही, हे या प्रयोगाने डोळ्यांना दाखवलं. २००९ मध्ये ब्रँगविन आणि हायमन या संशोधकांना कृमीच्या भ्रूणपेशींतले ‘पी-कण’ नावाचे पुंजके द्रवासारखे वागताना आढळले आणि गाजावाजा त्या शोधाचा झाला. तो योग्यच होता. पण त्याआधीच्या पिशवीला तिचा मान मिळाला नाही, असं मला वाटतं.

पॉट्सडॅममध्ये लिपोव्स्की आणि दिमोवा यांनी नंतर दुसरी बाजू उलगडली. थेंब पटलाला भिजवतो, वाकवतो, त्यातून बारीक नळ्याही काढतो. म्हणजे पिशवीचा आकारही आतला थेंब ठरवू शकतो.

२०२०च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये डोरा टँग यांच्या गटाने पिशवीतलं द्रावण इतकं विरळ ठेवलं, की विकराची अभिक्रिया सुप्तच राहिली. मग त्याचा पीएच बदलला. थेंब जमले, रेणू जवळ आले आणि अभिक्रिया सुरू झाली.