पेज फॉल्टमधलं डेडलॉक: कर्नल स्वतःच्याच कुलपात अडकतो तेव्हा

उल्हासनगरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानांत एक तक्रार मी नेहमी ऐकतो: फोन उघडायला ओटीपी हवा, आणि ओटीपी येणार त्याच बंद फोनवर. डेडलॉक म्हणजे हेच. अँड्रॉइडच्या पोटात जो लिनक्स कर्नल असतो, त्याचंही एकेकाळी असंच व्हायचं.

आधी पेज फॉल्ट समजून घ्या. ॲपची मेमरी 4 केबीच्या (काही नव्या फोनवर 16 केबीच्या) पानांत विभागलेली असते. ॲपने हाताशी नसलेल्या पानाला हात लावला की कर्नल ते आणून जोडतो आणि काम पुढे चालू. नावात फॉल्ट असला तरी हा बिघाड नाही, रोजचंच काम आहे.

मग घोळ कुठे? ॲप फाइलमध्ये लिहायला सांगतं. कर्नल फाइलच्या त्या पानाला कुलूप लावतो आणि ॲपच्या मेमरीतून डेटा कॉपी करू लागतो. पण ॲपने तीच फाइल एममॅप करून मेमरीत घेतली असेल, आणि डेटा नेमका त्याच पानावर असेल तर? पान जोडलेलं नसेल, तर पेज फॉल्ट होतो. तो हाताळणारा कोड त्याच पानाचं कुलूप मागतो. ते तर आपल्याच हातात! थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो. एररसुद्धा दिसत नाही.

निक पिगिन यांनी केलेली दुरुस्ती 2.6.24 मध्ये (जानेवारी 2008) आली. बदलापूरला उतरणारे अंबरनाथ सुटलं की दाराकडे सरकतात ना, तसंच: कुलूप लावण्याआधीच डेटाचं पान आणून ठेवायचं. तरी मधल्या क्षणात रॅम कमी पडून ते पान पुन्हा जाऊ शकतं. म्हणून कॉपी करताना पेज फॉल्ट हाताळणं बंद ठेवतात. कॉपी अर्धवट राहिली तर कुलूप सोडायचं, पान आणायचं, पुन्हा प्रयत्न. माझ्या मते खरी हुशारी या माघार घेण्यात आहे. जीएफएस2 या फाइलसिस्टिममध्ये याच जातीचं डेडलॉक उरलं होतं, ते 5.16 मध्ये सुटलं.

फोन हँग झाला म्हणजे डेडलॉकच, असं मात्र नाही. बहुतेकदा रॅम किंवा स्टोरेज भरलेलं असतं. आणि कर्नलमधल्या चुकीसाठी फॉरमॅट मारायला पैसे देऊ नका: फॅक्टरी रीसेटने कर्नल बदलत नाही, तो सिस्टिम अपडेटमधून येतो. तुमचा कोणता आहे ते सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली, कर्नल व्हर्जनसमोर दिसेल.