वॉर्डनची वही

ब्रिटनच्या गल्लीगल्लीत 1937 नंतर एक वही तयार होऊ लागली. कोणत्या घरात किती माणसे, म्हातारे-आजारी कोण, आणि मुख्य म्हणजे रात्री कोण कुठे झोपते, याची ती नोंद. वही ठेवणारा त्याच गल्लीतला दुकानदार, मास्तर, नाहीतर एखादी गृहिणी असे. त्याला म्हणत वॉर्डन. भारतातल्या आजच्या नागरी संरक्षण दलाचे कूळ या वहीपाशी जाऊन पोहोचते.

1915 मध्ये जर्मनीच्या झेपेलिन हवाई जहाजांनी इंग्लंडवर बॉम्ब टाकले, तेव्हाच युद्ध घराच्या उंबरठ्याशी आले होते. घरोघरी धावून जातील इतके फौजी आणि बंबवाले कोणत्याच सरकारकडे नसतात. म्हणून 1937 मध्ये वॉर्डन सेवा उभी राहिली. बहुतेक जण बिनपगारी. दिवसभर पोटापाण्याचा उद्योग, रात्री पहारा. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि वहीचे मोल कळले. घर कोसळले की ढिगारा आधी कुठे उपसायचा, हे वॉर्डन सांगू शकत असे.

नुसती हौस मात्र पुरत नव्हती, हात तयार व्हावे लागत. आग विझवायच्या हातपंपाचे, स्टिरप पंपाचेच पाहा. पंप पाण्याच्या बादलीत, त्याचा पाय बादलीबाहेर. त्यावर आपला पाय दाबून एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने नळी घेऊन जमिनीलगत सरपटत पुढे जायचे, कारण धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खालीच असते. तिसऱ्याने बादली रिकामी पडू द्यायची नाही. भोवतालच्या आगीवर पाण्याची धार. आगलाव्या बॉम्बवर मात्र फवारा, कारण धारेने तो आणखी भडके. हे पुस्तक वाचून जमत नाही. तिघांनी मिळून पुन:पुन्हा करावे, तेव्हा ते अंगवळणी पडते.

आपल्याकडे ही सेवा ‘ए. आर. पी.’ (एअर रेड प्रिकॉशन्स, म्हणजे हवाई हल्ल्यापासूनची खबरदारी) या नावाने आली. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. त्याच वर्षी डिसेंबरात कोलकात्यावर. मुंबई हवाई हल्ल्यातून वाचली, पण 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाला आग लागून स्फोट झाले आणि आसपासची वस्ती होरपळली. आकाशात एकही शत्रू नव्हता, तरी माणसे ढिगाऱ्याखाली होतीच.

पुढचा धागा नागपूरचा. तिथे 29 एप्रिल 1957 रोजी केंद्र सरकारची आपत्कालीन मदतकार्य प्रशिक्षण संस्था सुरू झाली. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर युद्धाची तयारी पुढे आली. 1968 मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला आणि नागपूरची संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. दलाची कामे बारा सेवांत वाटली गेली, गावगाड्यातल्या बारा बलुत्यांसारखी: कोणी वॉर्डन, कोणी आग विझवणारा, कोणी सुटकेला, कोणी जखमींकडे. 2009 च्या दुरुस्ती कायद्याने पूर-भूकंपासारख्या आपत्तीही दलाच्या कामात आणल्या. नागपुरातली सुरुवात ज्या मदतकार्याने झाली होती, तिथेच कायदाही आला.

सुटकेच्या शिक्षणात एक क्षण फार मोलाचा आहे. ढिगाऱ्याभोवती स्वयंसेवक उभे राहतात. एक जण हाक देतो, “कोणी आहे का? ऐकू येतंय का?” मग सगळे निःशब्द होऊन कान देतात. आतून एखादी टकटक आली, तर ती या शांततेतच ऐकू येते.

7 मे 2025 रोजी देशातल्या नागरी संरक्षण जिल्ह्यांत सरावाचे भोंगे वाजवायचे ठरले, तेव्हा पुष्कळांना या दलाची पहिल्यांदा आठवण झाली. भोंगा सरकार वाजवील. पण चौथ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही आणि त्या आतल्या खोलीत झोपतात, हे शेजारच्या घरालाच ठाऊक असते. ते कोणीतरी आजच वहीत लिहून ठेवायला हवे.