संगणकाची निद्रावस्था भंगणे

संगणकाची निद्रावस्था, म्हणजेच रूढ भाषेतील 'स्लीप मोड', ही पूर्ण बंद आणि पूर्ण चालू यांच्या मधली अवस्था होय. तीत पडदा, प्रोसेसर व हार्ड डिस्क यांचा वीजपुरवठा थांबतो. रॅम मात्र अल्प विजेवर चालू राहते आणि अर्धवट काम तिच्यात जसेच्या तसे टिकते. वापरणाऱ्याने काहीही न करता संगणक आपोआप जागा होणे ही नित्याची तक्रार आहे. संगणक मुळात झोपीच न जाणे हा दोष तिच्यासारखाच भासतो, परंतु त्याची कारणे वेगळी असतात. म्हणून दोष कोणता, हे प्रथम ठरवावे लागते.

पार्श्वभूमी

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे वीजव्यवस्थापनाची सूत्रे मुख्यत्वे बायोसकडून कार्यप्रणालीकडे आली. या मानकात निद्रावस्थेला एस-३ म्हणतात. एस-४ म्हणजे 'हायबरनेट'. तीत रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून संगणक बंद होतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये एस-३ ऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असते. ही झोप सावध असते: पडदा काळा असला तरी आत थोडेफार काम चालू राहू शकते, आणि पिशवीत ठेवलेला लॅपटॉप गरम लागतो तो बहुधा यामुळेच.

जागे करणाऱ्याचा शोध

अंदाजाने एकेक सेटिंग बदलत बसण्यापेक्षा संगणकालाच विचारणे श्रेयस्कर, कारण त्याच्याकडे पुष्कळदा नोंद असते. विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'लास्टवेक' या पर्यायासह दिल्यास शेवटी कोणी जागे केले ते कळते. तेथे उत्तर रिकामे आल्यास इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत 'पॉवर-ट्रबलशूटर' हे नाव शोधावे. संगणक झोपतच नसेल तर याच आज्ञेचा 'रिक्वेस्ट्स' हा पर्याय उपयोगी पडतो. ब्राउझरमध्ये चालू राहिलेले गाणे किंवा दुसऱ्या संगणकाने उघडलेली सामायिक फाइल अशी कारणे त्यात उघड होतात. मॅकवर हेच काम 'पीएमसेट' करते.

नेहमीची कारणे

माउस हे सर्वांत साधे कारण. प्रकाशकिरणांवर चालणारा माउस किंचित हालचालही टिपतो. उन्हाळ्यात कूलरच्या कंपनाने टेबल थरथरले तरी ती पुरते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या भागात संगणक जागा करण्याची परवानगी काढून टाकावी. कीबोर्डची मात्र राहू द्यावी, अन्यथा पॉवरच्या बटणाखेरीज जागे करण्यास दुसरे साधन उरत नाही.

नेटवर्क कार्डाचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. 'वेक ऑन लॅन' या सोयीने दूरवरून संगणक सुरू करता येतो; त्यासाठी 'मॅजिक पॅकेट' नावाचा विशिष्ट संदेश पाठवला जातो. परंतु काही कार्डे नेटवर्कवरील इतर संदेशांनाही प्रतिसाद देतात. त्यांच्या बाबतीत फक्त मॅजिक पॅकेटला मुभा देणारा पर्याय निवडावा.

संगणक दररोज ठरावीक वेळी जागा होत असेल तर उपकरणाचा नव्हे, वेळापत्रकाचा संशय घ्यावा. विंडोजची स्वयंचलित देखभाल मूळ सेटिंगप्रमाणे पहाटे २ वाजता ठरलेली असते. पॉवर ऑप्शन्समध्ये 'वेक टायमर' बंद केल्याने अशी जाग थांबते. क्वचित गजर बायोसमध्येच लावलेला असतो. तो तेथेच काढावा लागतो.

वीजपुरवठा आणि निद्रावस्था

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी या दोषाला आणखी एक बाजू आहे. रात्री वीज गेलेली असताना आपोआप जागा झालेला संगणक इन्व्हर्टर रिकामा करतो, आणि पंख्यासाठी राखलेली वीज त्यात जाते. उलट, इन्व्हर्टर नसलेला डेस्कटॉप झोपेत असताना वीज गेली की रॅममधील न साठवलेले काम नाहीसे होते. दुपारच्या सुट्टीत अर्धवट टंकलेला अर्ज ठेवून उठणाऱ्याला याचा फटका बसतो. यावर 'हायब्रिड स्लीप' हा पर्याय आहे: त्यात मजकूर रॅममध्ये राहतोच, शिवाय डिस्कवरही लिहिला जातो. रात्रभरासाठी मात्र हायबरनेट अधिक बरे. त्यातून जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो.