जिवतीचा कागद आणि बव्हेरियाचा दगड



श्रावण जवळ आला की पुण्याहून आईचा फोन ठरलेला. "कागद मिळाला का? लावलास का?" कागद म्हणजे अर्थातच जिवतीचा कागद. दरवर्षी दिव्यांच्या अमावस्येच्या आधी ती तो घडी घालून पाकिटातून पाठवते. एका वर्षी पाकीट वेळेवर पोचलंच नाही. पहिला शुक्रवार उद्यावर आला आणि भिंत रिकामी. बायको म्हणाली, "नेटवरून चित्र घे आणि प्रिंट काढ, त्यात काय!" मला मात्र उगाच अवघडल्यासारखं झालं. ज्या प्रिंटरवर विमानाची तिकिटं आणि टॅक्सचे फॉर्म छापतो त्याच्यावर जिवती? शेवटी आईलाच विचारलं, "आई, प्रिंटरवर छापलेली जिवती चालते का गं?"

ती हसली. "अरे, मी लावते तो तरी काय स्वर्गातून येतो? छापलेलाच असतो की! माझी आजी गंधाने काढायची. तिला हा कागद कमीपणाचा वाटायचा."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी समजत होतो की हा कागद अनादि काळापासून आहे. आणि त्यात आमच्या साडेचार वर्षांच्या कन्येने विचारलं, "बाबा, हे चित्र कुणी काढलं?" इंजिनियर माणसाला असा प्रश्न विचारला की तो शोधत बसतो. शोधता शोधता मी जिथे पोचलो ते गाव निघालं आमच्या म्युनिकपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर! ती हकिगत सांगण्यासाठी हा प्रपंच.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: जिवतीच्या कागदावर वर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, खाली मुलाबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, आणि एक हत्तीवर नि एक वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. श्रावणभर हा कागद देव्हाऱ्याजवळ असतो. शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, हळदीकुंकू, दूध-साखर आणि फुटाण्यांचा नैवेद्य, आणि पुरणाच्या दिव्यांनी मुलांचं औक्षण. सोमवारी शिवामूठ, मग नागपंचमी, मंगळागौर, राखी-नारळीभात, गोकुळाष्टमी, आणि शेवटी पिठोरी नि पोळा. या सगळ्यात मोठं देऊळ नाही, यात्रा नाही. स्वयंपाकघर, पाट, चार शेजारणी आणि कहाणी. महिनाभराचा हा घरगुती धर्म. म्हणूनच बहुधा इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागा नाही.

आता त्या गावाकडे. आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात सोल्नहोफेन नावाचं छोटं गाव आहे. इंगोलश्टाटहून ट्रोइश्टलिंगेनकडे जाणारी रेल्वे तिथे थांबते. तिथल्या खाणीत फिकट पिवळसर, अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड मिळतो. वय सुमारे १५ कोटी वर्षं. आपल्यापैकी अनेकांना हे गाव वेगळ्या कारणाने शाळेपासून माहीत आहे. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यामधला दुवा म्हणून जीवशास्त्राच्या पुस्तकात असायचा तो आर्किऑप्टेरिक्स याच परिसरात १८६१ साली सापडला. त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. त्यातलं 'लिथोग्राफिका' पक्ष्यामुळे नव्हे, दगडामुळे पडलं. कारण तोपर्यंत हा दगड छपाईचा दगड म्हणून प्रसिद्ध झाला होता.

त्याला प्रसिद्ध करणारा माणूस आलोइस सेनेफेल्डर (१७७१–१८३४). म्युनिकला नाटकं लिहायचा, पण ती छापून घ्यायला पैसे नव्हते. म्हणून स्वतःच स्वस्तातल्या छपाईचे प्रयोग करत होता. त्यानेच लिहून ठेवलेली आठवण अशी, की १७९६ मध्ये एकदा धोबीण दारात उभी होती, आईला कपड्यांची यादी लिहून हवी होती आणि घरात कागदाचा कपटा नव्हता. त्याने मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने ती यादी समोरच्या गुळगुळीत दगडावर खरडली. पुसायच्या आधी त्याला वाटलं, यावरून छापता येईल का? तिथून दोनेक वर्षांच्या खटपटीनंतर शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची पद्धत तयार झाली.

तत्त्व अगदी सोपं आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. पाणी मोकळ्या जागी राहतं, चित्रावर टिकत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की ती फक्त चित्राला चिकटते. कागद ठेवून दाब द्या, झालं. आजची बहुतेक छपाई ज्या ऑफसेटवर होते तिच्यातही हेच तत्त्व आहे, फक्त दगडाच्या जागी धातूचा पत्रा आला.

हे तंत्र आपल्या लिपीला फार सोयीचं होतं. खिळ्यांनी छापायचं तर देवनागरीची जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या यांसाठी शेकडो वेगवेगळे खिळे पाडावे लागत. शिळाछापात सरळ हाताने लिहायचं आणि छापायचं. (एकेकाळी शिवाजी फॉन्ट नसला की समोरच्याला नुसते चौकोन दिसायचे, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे पटकन कळेल. :-))

आणि इथे येतो या गोष्टीतला माझा आवडता माणूस, गणपत कृष्णाजी पाटील. मुंबईचा, भंडारी समाजातला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम बघून त्याने स्वतःचा शिळाछाप उभा केला आणि १८३१ साली, म्हणजे शके १७५३ चं, मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. तोपर्यंत पंचांग म्हणजे जोशीबुवांकडची हस्तलिखित पोथी. श्रावण कधी लागतो, पौर्णिमा कुठल्या दिवशी, हे ते सांगतील तेव्हा कळायचं. आता महिना कागदावर छापून घरात आला. आपल्या फ्रिजवर किंवा स्वयंपाकघराच्या दारामागे जे 'कालनिर्णय' लटकतं ते जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलं, पण त्याचे पणजोबा हे १८३१ चं पंचांग.

मात्र गाडी सुरळीत चालली नाही. सोवळं पाळणाऱ्या मंडळींना छापलेलं धर्माचं पुस्तक हातात घ्यायलाही नको असे. कारण काय, तर छपाईच्या शाईत प्राण्याची चरबी. पंचांग तर देवापुढे ठेवायचं, पूजा करायची वस्तू. आता इंजिनियरच्या नजरेने पाहा. शिळाछापात स्निग्ध पदार्थ नसला तर तंत्रच चालत नाही, आणि गिऱ्हाइकाला चरबी चालत नाही. गणपत कृष्णाजीने काय करावं? त्याने शाईत तूप घातलं!

मला हे वाचून इतका आनंद झाला की ऑफिसात दोघा जर्मन सहकाऱ्यांनाही सांगितलं. म्हणजे यंत्राला हवी ती स्निग्धता मिळाली आणि आजीचं सोवळंही राहिलं. त्याने लोकांना अंधश्रद्ध म्हणून झिडकारलं नाही आणि यंत्रही सोडलं नाही. आपण इकडे परदेशात जे काही 'जमवून' घेतो, त्याचा हा पुरावा म्हणा किंवा पूर्वज म्हणा.

पुढचा टप्पा चित्रांचा. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. निबंधमाला लिहिणारा, पुढे केसरी काढण्यात पुढाकार घेणारा हा माणूस देवादिकांची रंगीत चित्रंही छापत होता हे मला माहीत नव्हतं. मग १८९४ मध्ये राजा रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजराज वर्मा यांनी मुंबईत छापखाना घातला. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक ठसे. पूर्वी लक्ष्मी-सरस्वतीचं रंगीत चित्र म्हणजे राजवाड्यातली गोष्ट, ते आता चाळीतल्या खोलीत आलं. देवळात ज्यांना शिरता येत नव्हतं त्यांच्या भिंतीवरही देव आले, हे विसरून चालणार नाही.

मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांना जाताना लोकलने उतरतो तेच मळवली. कर्ज वाढत गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी तो विकला. घेतला कुणी, तर तिथे काम करणाऱ्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने. तो तिथेच राहिला. म्हणजे आपल्या पणज्यांनी ज्या लक्ष्मीला हळदीकुंकू वाहिलं, त्यातल्या कितीतरी चित्रांचा छापखाना मावळातल्या एका जर्मनाचा होता. १९७२ मध्ये त्या छापखान्याला आग लागली आणि बरंच काही गेलं.

याच छापखान्याशी दादासाहेब फाळके यांचाही संबंध. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं यांच्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला येऊन गेले. पुढे ते छपाई सोडून सिनेमाकडे वळले, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत आहे. पण १९१९ च्या त्यांच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. आमच्या कन्येला हे सांगितलं तेव्हा कागदावरच्या कृष्णाकडे बघून ती म्हणाली, "ही मुलगी आहे?" मी म्हटलं, "सिनेमात होती."

आता एक दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे नुसतं जर्मनीचं कौतुक होईल. कागद आल्यावर एक गोष्ट गेली. आईच्या आजीने गंधाने काढलेली जिवती तिच्या घराची होती. शेजारच्या घरातली वेगळी असणार, कोकणातली वेगळी, वऱ्हाडातली वेगळी. कुणाची जिवती जाडजूड, कुणाच्या जिवतीला पाच मुलं. छापील कागदाने सगळ्यांची जिवती एकसारखी केली. सेनेफेल्डरचं, गणपत कृष्णाजीचं, रविवर्म्याचं नाव राहिलं. भिंतीवर दर श्रावणात चित्र काढणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत, आणि भाद्रपद लागला की चित्रंही पुसली गेली. आईला विचारलं, "तुझी आजी कशी काढायची, काढून दाखवशील?" ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "नाही रे आठवत. बघितलं होतं एवढंच आठवतं."

हे वाक्य मला त्या वर्षीच्या पाकिटापेक्षा जास्त लागलं. पाकीट उशिरा का होईना, आलं. आजीचं चित्र येणार नाही.

त्या शुक्रवारी शेवटी काय केलं ते सांगतो. प्रिंट काढली, लावली. भाड्याच्या घराची भिंत खराब नको म्हणून फ्रिजवर. आघाडा इथे मला मिळालेला नाही, दूर्वा म्हणून बागेतलं गवत. फुटाणे तुर्की दुकानात मस्त मिळतात, लेब्लेबी म्हणून मागा. पुरणाचे दिवे केले आणि धुराच्या अलार्मच्या भीतीने खिडक्या सताड उघड्या ठेवून औक्षण केलं. बाहेर संध्याकाळी सात वाजताही लख्ख ऊन होतं.

आणि कन्येला किंडरगार्टनचे मेणाचे खडू दिले. पांढऱ्या खडूने तिने काहीतरी काढलं, मग वरून पाण्याचा निळा रंग फिरवला. मेणावर रंग बसला नाही आणि चित्र उमटलं. सेनेफेल्डरचं तत्त्व तिला इतक्यातच कळलं. चित्रात एक मोठी बाई, एक छोटी मुलगी आणि एक मांजर होतं. आमच्याकडे मांजर नाही. "ही जिवती," ती म्हणाली. तोही कागद फ्रिजवर लागला, छापील कागदाच्या शेजारी. आता दर श्रावणात दोन कागद लागतात: एक छापलेला, एक तिचा. तिचे सगळे मी तारीख घालून ठेवतो.

शेवटी एक रीत, जी तुम्हा सगळ्यांच्या घरी असेल. जिवतीच्या शुक्रवारी मुलं परगावी असली तर आई चारी दिशांना अक्षता टाकते, मूल जिथे असेल तिथे औक्षण पोचावं म्हणून. पुण्यात संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेतीन. त्या वेळी मी बहुतेक कुठल्यातरी मीटिंगमध्ये असतो. मागे एकदा आईला गमतीने म्हटलं, "आई, चारी दिशांना कशाला, जर्मनी वायव्येला आहे, तिकडेच टाक." तर म्हणाली, "तू तिकडेच राहशील कशावरून? आजीने मला चारी दिशा सांगितल्यात, मी चारी दिशांना टाकणार."

आजीचं चित्र विसरलं, पण हे नाही विसरलं.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या आजी-पणजीने भिंतीवर जिवती काढलेली कुणी पाहिली असेल आणि आठवत असेल, तर या श्रावणात त्यांना फोन करा आणि कागदावर काढून घ्या. साध्या पेन्सिलीने चालेल.

चू.भू.दे.घे.